पहिली टेली झूम घेताना: परवडणारी टॅमरॉन किंवा सिग्मा लेन्स कशी निवडावी

किट लेन्सनंतर, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सनंतर, बहुतेक जण जी दुसरी लेन्स घेतात ती टेली झूम, म्हणजे लांबचं जवळ आणून दाखवणारी. नवख्या माणसाचे पैसे चुकीच्या जागी जातात तेही बहुधा याच खरेदीत. कारण साधं आहे. लेन्सवरचा मिमीचा मोठा आकडा (फोकल लेंथ, जितकी जास्त तितकं लांबचं जवळ दिसतं) डोळ्यांत भरतो आणि ती लेन्स आपल्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, नीट चालेल का, हे विचारायचं राहून जातं. मी स्वतः या सगळ्या शोधाशोधीतून गेलो आहे. आता ओळखीतलं कुणी पक्ष्यांच्या नादाला लागलं की मला पहिला फोन येतो. त्या फोनवर जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. दुकानात काही जण थर्ड पार्टी लेन्सला, म्हणजे कॅमेरा कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या लेन्सला, सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतात. ते खरं नाही. टॅमरॉन १९५० पासून आणि सिग्मा १९६१ पासून काम करणाऱ्या जपानी कंपन्या आहेत आणि त्यांचा मुख्य धंदाच लेन्सचा आहे. कॅनन, निकॉन किंवा सोनीच्या स्वतःच्या लांब पल्ल्याच्या लेन्सपेक्षा यांच्या लेन्स बऱ्याच स्वस्त पडतात. हौशी माणसाला ४०० किंवा ६०० मिमीपर्यंत पोचायचं असेल तर बहुतेक वेळा हाच रस्ता खिशाला झेपतो.

१. काय काढायचंय ते ठरवा, फोकल लेंथ त्यावरून

‘मला झूम पाहिजे’ एवढ्यावर लेन्स निवडता येत नाही. वर्षभरात तुम्ही खरोखर कशाचे फोटो काढणार आहात ते कागदावर लिहा. वारी, मिरवणुका, शाळेचं गॅदरिंग, मुलांचे क्रिकेटचे सामने, सिंहगडावरून दिसणारं खोरं, अधूनमधून एखादं हरीण, अशी यादी झाली तर ७०-३०० मिमी पुरते. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर, म्हणजे सुरुवातीच्या किमतीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांवर, निकॉन, सोनी आणि फुजीत फोकल लेंथला दीडने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणायचं. म्हणजे ३०० मिमीची लेन्स निकॉनवर ४५० सारखी आणि कॅननवर ४८० सारखी दिसते. ते काही कमी नाही.

यादीत पक्षी असतील तर गणित बदलतं. भिगवणला कुंभारगावच्या बाजूने होडीतून गेलात तर रोहित आणि चित्रबलाक ३०० मध्येही छान येतात, कारण ते मोठे असतात आणि होडीमुळे अंतर कमी होतं. पण पुण्याजवळ कवडीपाटला नदीकाठी उभं राहून खंड्या किंवा वेडा राघू काढायचा असेल तर ३०० मिमी अपुरी पडते. इथे एक हिशोब लक्षात ठेवा. त्याच जागेवरून ३०० ऐवजी ४०० मिमी वापरली तर पक्षी फ्रेममध्ये एक तृतीयांशाने मोठा दिसतो. ६०० वापरली तर लांबीत दुप्पट आणि क्षेत्रफळात चौपट. म्हणून २५० मिमीची लेन्स हातात असताना फक्त ‘जास्त झूम’साठी ३०० घेणं हे पैसे वाया घालवणं आहे. तो फरक फोटो क्रॉप करूनही भरून निघतो.

वाघांच्या जंगलासाठी आणखी एक गोष्ट. ताडोबात वाघ नेहमी लांबच दिसतो असं नाही. तो जिप्सीला लागून रस्त्याने चालत येतो तेव्हा १५०-६०० ची लेन्स लावलेल्या क्रॉप बॉडीवर सगळ्यात कमी पल्लासुद्धा २२५ मिमी इतका अरुंद असतो. अशा वेळी फ्रेममध्ये नुसतं तोंड येतं. फक्त जंगल सफारी डोळ्यांसमोर असेल तर १००-४०० जास्त उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे.

२. बॉडी तपासा: माउंट, मोटर, स्टॅबिलायझेशन

ही पायरी कधीच गाळू नका. नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

*माउंट.* लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते तो भाग. टॅमरॉनची एकच लेन्स कॅननसाठी वेगळी, निकॉनसाठी वेगळी बनते. जाहिरातीत नुसतं ‘टॅमरॉन ७०-३००’ लिहिलेलं असतं, तेव्हा माउंट कुठला ते विचारा आणि लेन्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. ‘सोनीसाठी’ एवढंच सांगितलं असेल तर जास्त सावध राहा. सोनीच्या जुन्या डीएसएलआरचा ए माउंट आणि आताच्या मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा) ई माउंट हे दोन वेगळे आहेत. ए माउंटची लेन्स ई माउंटच्या बॉडीवर थेट बसत नाही.

*फोकस मोटर.* हा प्रश्न निकॉन डीएसएलआरवाल्यांचा. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये, म्हणजे डी३२००, डी३५००, डी५३००, डी५६०० वगैरेंमध्ये फोकस मोटर नसते. लेन्समध्ये मोटर नसेल तर या बॉडींवर ऑटोफोकस होतच नाही, रिंग हाताने फिरवावी लागते. टॅमरॉनची सगळ्यात स्वस्त ७०-३०० डीआय एलडी मॅक्रो निकॉनसाठी दोन प्रकारांत आली. आधीचीत मोटर नाही, नंतरचीत आहे. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. सिग्माच्या जुन्या ७०-३०० चंही तसंच. ओळखायचं कसं? लेन्स उलटी धरा. माउंटच्या धातूच्या कडीवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बसेल अशी फिरणारी खाच दिसली तर ती बॉडीच्या मोटरवर चालणारी लेन्स आहे. डी९०, डी७०००, डी७२००, डी७५०० अशा बॉडींवर ती चालेल, डी३५०० वर नाही. निकॉन झेड मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टर लावून वापरायचा बेत असेल तरी तीच अडचण येते, कारण त्या अडॅप्टरमध्येही मोटर नाही. कॅनन ईएफमध्ये हा प्रश्न येत नाही, तिथे मोटर लेन्समध्येच असते. कॅननवाल्यांनी मात्र फिल्मच्या काळातली जुनी सिग्मा घेताना जपावं. त्यातल्या अनेक लेन्स डिजिटल बॉडीवर लावल्या की फोटो काढताक्षणी एरर येते.

*स्टॅबिलायझेशन.* म्हणजे हाताची थरथर सावरून घेणारी सोय. टॅमरॉन याला व्हीसी म्हणते, सिग्मा ओएस. टेली लेन्समध्ये ही सोय नसेल तर ३०० मिमीला हात किंचित हलला तरी फोटो गेला. डीएसएलआरसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: व्हीसी किंवा ओएस नसलेली टेली पहिली लेन्स म्हणून घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

मिररलेसमध्ये इथेच खरी खोच आहे. टॅमरॉनची ७०-३०० एफ/४.५-६.३ डीआय III आरएक्सडी ही वजनाला हलकी (सोनीसाठी ५४५ ग्रॅम) आणि चांगली लेन्स आहे. ती २०२० साली सोनी ई माउंटसाठी आली आणि २०२२ मध्ये निकॉन झेडसाठी. पण तिच्यात व्हीसी नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल, जसं सोनी ए७ II किंवा ए६७००, निकॉन झेड५ किंवा झेड६, तर काही अडत नाही. पण सोनी ए६०००, ए६१००, ए६४०० आणि निकॉन झेड५०, झेड३० या बॉडींमध्ये ते नाही. या बॉडीवर ही लेन्स लावली तर ना लेन्स सांभाळून घेणार, ना बॉडी. दुकानदार ‘सोनीलाच बसते की’ असं सांगेल आणि ते खरंही असेल. म्हणून हा प्रश्न तुम्हीच विचारायचा.

*कॅनन आर मालिका.* इथे पर्याय सगळ्यात कमी. आरएफ माउंटसाठी ऑटोफोकस लेन्स बनवायला कॅननने बाहेरच्या कंपन्यांना बरीच वर्षं वाव दिला नव्हता. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या क्रॉप सेन्सरच्या काही लेन्सपासून सुरुवात झाली. तुमच्याकडे आर१०, आर५० किंवा आर७ असेल तर सोपा मार्ग म्हणजे ईएफ-ईओएस आर अडॅप्टर आणि त्यावर ईएफ माउंटची टॅमरॉन किंवा सिग्मा. अडॅप्टरची किंमत बजेटमध्ये धरा.

३. नावातली अक्षरं वाचायला शिका

लेन्सचं नाव लांबलचक असतं, पण त्यातच सगळी माहिती असते.

- टॅमरॉन: डीआय म्हणजे फुल फ्रेम डीएसएलआरसाठी (क्रॉपवरही चालते), डीआय II फक्त क्रॉप डीएसएलआरसाठी, डीआय III मिररलेससाठी. व्हीसी म्हणजे स्टॅबिलायझेशन. यूएसडी, आरएक्सडी, व्हीएक्सडी हे मोटरचे प्रकार.
- सिग्मा: डीजी म्हणजे फुल फ्रेम, डीसी म्हणजे क्रॉप, डीएन म्हणजे मिररलेस. ओएस स्टॅबिलायझेशन, एचएसएम मोटर. पुढचं कंटेम्पररी म्हणजे हलकी आणि तुलनेने स्वस्त, स्पोर्ट्स म्हणजे दणकट, जड आणि महाग.

सिग्माच्या जुन्या ७०-३०० मध्ये लाल पट्टीची एपीओ आणि साधी असे दोन प्रकार आहेत. एपीओची काच सरस आहे. साध्या लेन्समध्ये आभाळासमोरच्या फांद्यांना जांभळी कड फार दिसते.

एफ/४-५.६ किंवा एफ/५-६.३ हा आकडा म्हणजे झूमच्या दोन टोकांना भिंग जास्तीत जास्त किती उघडतं ते. परवडणाऱ्या टेलीमध्ये लांबच्या टोकाला ५.६ किंवा ६.३ च मिळणार, त्याची खंत नको. फक्त एवढं माहीत असू द्या की कॅननच्या १३००डी, १५००डी सारख्या साध्या डीएसएलआरचं ऑटोफोकस अधिकृतपणे ५.६ पर्यंतच आहे. ६.३ ची लेन्स त्यांवर चालते, पण पहाटेच्या किंवा दाट झाडीतल्या उजेडात फोकस चाचपडतो.

४. विचार करण्याजोग्या लेन्स

*टॅमरॉन एसपी ७०-३०० एफ/४-५.६ डीआय व्हीसी यूएसडी.* २०१० साली आलेली. डीएसएलआरसाठी पहिली टेली म्हणून मी आजही डोळे झाकून हिचं नाव सांगतो. वजन पाऊण किलोच्या आसपास, फिल्टर ६२ मिमीचा. व्हीसी इतका जोरकस आहे की शटर अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जागच्या जागी थांबतं. सेकंडहँड बाजारात सहज सापडते. ३०० च्या टोकाला एफ/८ वर काढा, फोटो आणखी खुलतो.

*टॅमरॉन १००-४०० एफ/४.५-६.३ आणि सिग्मा १००-४०० एफ/५-६.३ कंटेम्पररी.* दोन्ही २०१७ च्या, दोन्ही सव्वा किलोच्या आत, दोघींना ६७ मिमीचा फिल्टर. पक्ष्यांची आवड नक्की टिकणार अशी खात्री असेल आणि ट्रायपॉड घेऊन हिंडायचं नसेल, तर या वर्गात बघा. दोघींच्या गुणवत्तेत नवख्याला जाणवेल असा फरक नाही. टॅमरॉनला ट्रायपॉडची कडी वेगळी विकत मिळते, या सिग्माला ती बसवायची सोयच नाही. मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा, माळरानावर नीलपंख आणि कापशी घार, यासाठी हातात धरून चालायला हे वजन पेलतं. मला एकच लेन्स ठेवायची वेळ आली तर मी यांतली एक ठेवीन. मिररलेससाठी सिग्माची १००-४०० डीजी डीएन (२०२०) आहे आणि तिच्यात ओएस आहे.

*सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉन १५०-६०० जी२ (दुसरी पिढी).* सिग्मा २०१५ ची, जी२ २०१६ ची. दोन्ही दोन किलोंच्या आसपास, फिल्टर ९५ मिमी. फोटो सुरेख येतात, पण दोन किलो काय असतात ते दुकानात कळत नाही, तासभर हातात धरल्यावर कळतं. जिप्सीत बीन बॅग लागते (रिकामी न्यावी, तिकडे गेल्यावर तांदूळ भरावेत), नदीकाठी मोनोपॉड किंवा ट्रायपॉड. तो खर्च आणि वेगळी मोठी बॅग धरूनच हिशोब करा. सिग्माची जवळात जवळ फोकस होण्याची मर्यादा २.८ मीटर आहे आणि जी२ ची २.२ मीटर, त्यामुळे फुलपाखरांसाठी जी२ थोडी बरी. टॅमरॉनची त्याआधीची, २०१३ च्या शेवटी जाहीर झालेली १५०-६०० आणखी स्वस्तात मिळते. ६०० च्या टोकाला ती थोडी मऊ आहे, ५०० पर्यंत चांगली.

*टॅमरॉन १८-४०० डीआय II.* लेन्स बदलायला नको म्हणून लोक घेतात. प्रवासाला सोयीची. पक्ष्यांसाठी म्हणून घेऊ नका.

आणि थर्ड पार्टीच घ्यायची असा हट्टही नको. कॅनन क्रॉप डीएसएलआरसाठी कॅननचीच ५५-२५० आयएस एसटीएम पावणेचारशे ग्रॅमची, धारदार आणि स्वस्त आहे. निकॉन झेड५० साठी निकॉनचीच ५०-२५० व्हीआर वर सांगितलेल्या टॅमरॉन ७०-३०० डीआय III पेक्षा शहाणपणाची, कारण तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे. बजेट अगदीच आखडतं असेल तर आधी या सेकंडहँड शोधा.

५. या वाटेला जाऊ नका

‘४२०-८०० मिमी, एफ/८.३-१६’ असं लिहिलेल्या लांब नळीसारख्या लेन्स ऑनलाइन फार स्वस्तात दिसतात. त्यांत ऑटोफोकस नसतो, स्टॅबिलायझेशन नसतं, आणि एफ/१६ ला सकाळच्या उजेडात उडणारा पक्षी काढणं जवळपास अशक्य असतं. त्याचप्रमाणे लेन्सच्या पुढे स्क्रूने बसणारे ‘२एक्स कन्व्हर्टर’ हे फोटो मोठा करण्यापेक्षा धूसरच जास्त करतात. बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारा खरा २एक्स कन्व्हर्टरसुद्धा दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. ५.६ ची लेन्स एफ/११ होते आणि साध्या बॉडीचा ऑटोफोकस थांबतो.

दोन-तीनशे रुपयांचा यूव्ही फिल्टरही टेलीवर लावू नका. १८-५५ वर तो खपून जातो, ४०० मिमीवर फोटोची धार घालवतो. लेन्सला हूड लावा, पुढच्या काचेला धक्क्यापासून तेवढं संरक्षण पुरतं.

६. आधी भाड्याने आणा

पुण्यामुंबईत आणि इतर मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. खरेदीआधी शनिवार-रविवार एक लेन्स आणून बघणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त धडा आहे. वजन झेपतं का, ४०० पुरते का, झूमची रिंग आपल्या सवयीच्या उलट फिरते का, हे सगळं दोन दिवसांत समजतं. साधारणपणे हे लागतं:

- आधार कार्ड किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र आणि त्याची प्रत
- पत्त्याचा पुरावा, भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार
- अनामत रक्कम किंवा चेक

लेन्स ताब्यात घेताना काचेचे आणि बाहेरच्या ओरखड्यांचे फोटो दुकानातच काढून ठेवा, म्हणजे परत देताना वाद होत नाही.

७. नवी घ्यायची असेल तर

डीएसएलआर माउंटच्या बऱ्याच लेन्स आता नव्या मिळेनाशा झाल्या आहेत, त्यामुळे नवी घेणारे बहुतेक मिररलेसवाले असतील. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर लेन्सचा सीरियल नंबर छापून घ्या. भारतातल्या अधिकृत वितरकाचं वॉरंटी कार्ड खोक्यात आहे का ते बघा. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा माल बहुधा परस्पर आयात केलेला असतो आणि बिघाड झाला तर इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत घेत नाही. अमेरिकेतल्या भावाकडून किंवा मैत्रिणीकडून मागवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. टॅमरॉनची तिथली सहा वर्षांची वॉरंटी तिथल्या खरेदीसाठी आणि तिथल्या दुरुस्तीसाठी आहे.

ऑनलाइन मागवली तर खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत पुढची नववी पायरी पूर्ण करा.

८. सेकंडहँड लेन्स कशी तपासावी

मुंबईत फोर्टला बोरा बाजारच्या आसपास जुन्या-नव्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. शिवाय फोटोग्राफर मंडळींच्या ग्रुपांवर सतत लेन्स विकायला येतात. कुठूनही घ्या, पण समोरासमोर भेटून, दिवसाउजेडी आणि स्वतःची बॉडी बरोबर नेऊन घ्या. ‘माझी बदली झाली आहे, कुरिअरने पाठवतो, अर्धे पैसे आधी टाका’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड कधीच स्कॅन करावा लागत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा.

बरोबर न्यायच्या वस्तू: तुमची बॉडी, भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड, छोटी टॉर्च, मऊ कापड.

मग या क्रमाने बघा.

पहिली काच. दोन्ही टोप्या काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरक्या नजरेने आत बघा. थोडे धुळीचे कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती फंगस, म्हणजे बुरशी. ‘साफ होते, काही नाही’ असं विक्रेता म्हणेल. कधी होतेही, पण ती काचेचं कोटिंग खाते, नंतर परत येते आणि साफसफाईचा खर्च निराळाच. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ वापरलेली लेन्स असेल तर दुप्पट वेळ देऊन बघा. सगळ्या काचेवर धुकं पसरल्यासारखा पांढुरका थर दिसला तरीही घेऊ नका.

मग रिंगा. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे अडते का, वाळू चरचरल्याचा आवाज येतो का? नळी खाली करून धरली की आपोआप लांब होणं हा टेली झूमचा जुना स्वभाव आहे, त्यासाठी लॉकचं बटण असतं. तेवढ्यावरून लेन्स नाकारू नका, पण नळी बाहेर असताना डावी-उजवीकडे खडखडत असेल तर लेन्स बहुधा पडलेली आहे. पुढच्या फिल्टरच्या आट्या चेपलेल्या असतील तर नक्कीच.

मागच्या माउंटचे स्क्रू नीट बघा. त्यांची डोकी झिजलेली असतील तर लेन्स उघडली गेली आहे. कुणी आणि कशासाठी, ते विचारा, आणि दुरुस्तीचं बिल मागा.

आता लेन्स बॉडीवर चढवा. शटर अर्धं दाबून व्हीसी सुरू होतो का ते बघा. हलकी घरघर आली तर घाबरू नका, पण चित्र उड्या मारत असेल तर व्हीसी बिघडला आहे. जवळच्या वस्तूवर आणि लगेच लांबच्या वस्तूवर, असं दहा-बारा वेळा फोकस करून बघा. प्रत्येक फोकल लेंथला, पूर्ण उघड्या एफ आकड्यावर आणि एफ/८ वर फोटो काढा. एफ/८ वर एरर आली तर आतल्या ॲपर्चरचा, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या पडद्याचा, प्रश्न आहे. काढलेले फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठे करून बघा. शक्य असेल तर लॅपटॉप न्या.

पटलं तर मूळ बिल किंवा निदान त्याचा फोटो घ्या. सीरियल नंबर, तारीख, किंमत आणि दोघांच्या सह्या असलेली साधी पावती करा. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

९. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात

ट्रायपॉडवर बॉडी ठेवा आणि वर्तमानपत्राचं मोठं पान भिंतीवर सपाट लावून त्याचे फोटो काढा. ट्रायपॉडवर व्हीसी किंवा ओएस बंद करा, टायमर लावा. चारही कोपरे सारखे दिसले पाहिजेत. कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असणं ठीक, पण एकच बाजू सतत अस्पष्ट येत असेल तर आतली काच तिरपी बसली आहे. नवी असेल तर बदलून मागा.

डीएसएलआर असेल तर आणखी एक चाचणी करा. तेच दृश्य एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचा अस्पष्ट आला तर लेन्स वाईट नाही, फोकस पुढे-मागे पडतो आहे. निकॉन डी७००० मालिका, कॅनन ७०डी, ८०डी यांत मेनूतून हे सुधारता येतं. डी५६०० किंवा १५००डीमध्ये ती सोय नाही. सिग्माच्या २०१३ नंतरच्या बऱ्याच लेन्ससाठी यूएसबी डॉक आणि टॅमरॉन जी२ किंवा १००-४०० साठी टॅप-इन कन्सोल मिळतो, त्याने लेन्समध्येच दुरुस्ती करता येते आणि फर्मवेअरही (लेन्समधलं सॉफ्टवेअर) बदलता येतं. मिररलेसवर अडॅप्टरने वापरणाऱ्यांना हे फर्मवेअर अनेकदा लागतंच.

फोटो अस्पष्ट आले की लगेच लेन्सला दोष देऊ नका. आधी शटर स्पीड बघा. क्रॉप बॉडीवर ३०० मिमीला निदान १/५००, चालणाऱ्या प्राण्याला त्याहून जास्त, उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० किंवा वर. व्हीसी तुमचा हात स्थिर करतो, पक्ष्याचे पंख नाही. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तर खुशाल करा. दुसरं कारण हवा. भिगवणला ऊन तापायला लागलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचा प्रत्येक फोटो वितळल्यासारखा येतो. कोट्यवधींची लेन्सही तिथे काही करू शकत नाही. सूर्योदयाला पोचा आणि ऊन चढायच्या आत परता.

१०. पावसाळ्यात जपा

आपल्याकडे लेन्स वापरून खराब होत नाहीत तेवढ्या जून ते सप्टेंबर कपाटात पडून खराब होतात. कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्स ठेवून बॅग कपाटात टाकणं सगळ्यात वाईट, कारण त्या फोमात ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या, फार कोरडंही नको. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात राहत असाल आणि दोन-तीन लेन्स असतील तर विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घेणं परवडतं.

पावसातून आल्यावर लेन्स आधी कोरड्या कापडाने पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा, मगच डब्यात. एसी गाडीतून एकदम बाहेर काढल्यावर काचेवर वाफ धरली तर पुसू नका, ती आपोआप जाऊ द्या. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते ओल शोषून भरलं आहे. पसरट भांड्यात काढून मंद आचेवर परत निळं होईपर्यंत गरम करा, पूर्ण गार झाल्यावर डब्यात ठेवा. ते भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका.